रुपरावांना बाजारात नेणारा ठेला

मी ठेला आहे. चार चाकं, वर सागवानी फळ्या आणि मागं ढकलायला एक आडवा दांडा. नागपूरच्या लकडगंजात सगळे मला 'रुपरावचा ठेला' म्हणत, पण मला ढकललं ते त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईनं. मे महिन्यात डांबर वितळलेल्या रस्त्यावरून ढकललं, पावसाळ्यात चिखलातून ढकललं आणि लोकांच्या नजरांमधूनही ढकललं. त्या दोघांची गोष्ट मी आज सांगणार आहे. सांगताना रडणार नाही. तुळसाबाईला ते चाललं नसतं.

माझा जन्म आरामशीनवरचा. रुपराव तिथं लाकूड कापायच्या कामावर होते. मोठमोठे ओंडके करवतीखाली सरकवायचे, आणि दिवसभर भुसा असा उडायचा की संध्याकाळी त्यांच्या भुवया आणि मिशा पिवळ्या झालेल्या असत. दोघांनी उचलायचा ओंडका ते एकटे खांद्यावर घेत. तुळसाबाई तेव्हा डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायची. १९६६ साली रुपरावांनी मालकाला विचारून उरल्यासुरल्या फळ्या घेतल्या आणि गिरिधर मिस्त्रीनं मला जोडलं. रुपरावांनी मला एका हातानं ढकलून पाहिलं, वर लहानग्या जयाला बसवलं आणि पळवत पळवत गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. जया त्यांची एकुलती एक मुलगी. ती एवढी हसली की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले.

मग काही वर्षांनी खोकला आला. आधी तो फक्त सकाळी यायचा. तुळसाबाई म्हणे भुशानं होते, रुपराव म्हणत थंडीनं, आणि आरामशीनचा मालक म्हणे बिडीनं. थोडं थोडं सगळ्यांचंच खरं होतं. पुढं माझ्यासोबत चालताना रुपराव पुलाच्या चढावर थांबू लागले. कधी चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं, कधी खालून जाणारी मालगाडी पाहायच्या निमित्तानं. माणसं दम लागल्याचं लपवायला किती कारणं शोधतात, ते मी तेव्हा पाहिलं. पुढं तर मालगाडी नसतानाही ते रुळांकडे पाहत उभे राहत.

आरामशीनचं काम सुटलं. सरकारी दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की फुप्फुसं जुन्या रबरासारखी सैल पडली आहेत, आत गेलेली हवा पुरती बाहेर येत नाही. हा टीबी नाही, याची कोणाला लागण होत नाही. पण हे बरंही होणार नाही. धूळ, धूर आणि बिडी टाळायची, गोळ्या घ्यायच्या आणि सांभाळून राहायचं.

तुळसाबाईनं सांभाळायला सुरुवात केली. घरातली चूल मोडली आणि अंगणात, माझ्या बाजूला, घासलेटचा स्टोव्ह आणून ठेवला. पाऊस असला की माझ्यावर पोतं टाकून माझ्याखाली स्वयंपाक करायची. रुपरावांची खाट दाराशी ओढली. त्यांना आडवं झोपता येत नसे. पुढं एक पेटी ठेवून, तिच्यावर उशी आणि उशीवर कोपरं टेकून ते झोपत. भाकर चावतानाही त्यांना दम लागे, म्हणून ती वरणात कुस्करून, थोडी थोडी, दिवसातून पुष्कळदा देई.

पण ती बाजारात गेली की घरी कोणी नसे. जया सासरी गेलेली. रुपराव भिंतीकडे पाहत बसून राहत. दाढी करणं सोडलं, आंघोळ सोडली, बोलणं सोडलं, झाकून ठेवलेलं जेवणही तसंच राही. आधी येणारे मित्र खोकला ऐकून दारातूनच परत जाऊ लागले.

एके दिवशी दुपारी तुळसाबाई परत आली तेव्हा रुपराव जमिनीवर पडलेले होते. सकाळी पाणी घ्यायला उठले होते, माठापर्यंत पोचले नाहीत आणि परत खाटेवर चढताही आलं नाही. शेजारीपाजारी कामावर गेलेले, आणि हाक मारायला छातीत हवा नाही. अर्धा दिवस ते तसेच पडून होते. तुळसाबाईनं त्यांना उचलून बसवलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं. मग बाहेर येऊन माझा दांडा धरून बराच वेळ उभी राहिली. त्या दांड्यावरची तिची पकड मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉटन मार्केटातून नेहमीसारखी भाजी आणली. पण माझ्यावर ती मांडताना पुढची अर्धी जागा मोकळी सोडली. तिथं गोधडी घातली, ती पेटी ठेवली, उशी ठेवली. मग दाराशी जाऊन म्हणाली, "चला, बसा ठेल्यावर."

रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मी का... कांद्याचं पोतं आहो?"

"पोतं बरं. ते उपाशी राहून मले छळत नाही."

"लोकं हासतीन, तुळसे."

"हासू द्या. त्याहीच्या घरून आपल्याले डबा येत नाही."

बऱ्याच वेळानं ते उठले. तिनं काखेत हात घालून त्यांना माझ्यावर बसवलं. एके काळी ओंडका खांद्यावर घेणारा तो माणूस माझ्या फळ्यांना जवळपास जाणवलाच नाही, एवढा हलका झाला होता.

गल्लीतून निघालो तेव्हा माणसं थांबून पाहू लागली. रुपरावांनी मान खाली घातली. तुळसाबाईनं काय केलं असेल? तिनं घरापासूनच आरोळी ठोकायला सुरुवात केली, "वांगे घ्या, भेदरं घ्या, सांभाऽर घ्या!" भेदरं म्हणजे टमाटे आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. तिथं गिऱ्हाईक एकही नव्हतं, गल्लीतल्या कोणालाच भाजी नको होती. पण जो टक लावून पाहील त्याच्याकडे वळून ती आणखी जोरात ओरडे. पाहणारा गडबडून आत जाई.

तिची जुनी जागा आरामशीनजवळ होती. तिथली गिऱ्हाइकं जोडलेली होती, पण भुसाही तिथंच होता. तिनं ती जागा सोडली आणि दूर, रेल्वे क्वार्टरच्या भिंतीजवळ कडूनिंबाखाली मला उभं केलं. सगळं नव्यानं सुरू. रुपरावांनी म्हटलं, मी तराजू धरतो. पण हात वर उचलला की त्यांचा श्वास तुटे. तेव्हा गिरिधर मिस्त्रीला बोलावून तिनं माझ्या कडेला एक खांब ठोकून घेतला आणि तराजू त्याला टांगला. आता रुपरावांना फक्त पुढं वाकून भाजी पारड्यात टाकायची होती. पुढं वाकलं की त्यांना श्वास बरा येई, त्यामुळे बसणं आणि काम एकाच वेळी जमू लागलं.

एक गंमत झाली. घासाघीस करायला रुपरावांकडे श्वासच नव्हता. ते एकदा भाव सांगत आणि गप्प बसत. गिऱ्हाईक कमी करायला सांगे, ते नुसतं पाहत राहत. शेवटी गिऱ्हाईकच कंटाळून पिशवी पुढं करी. महिन्याभरात क्वार्टरमध्ये बोलबाला झाला की कडूनिंबाखालचा माणूस सगळ्यांना एकच भाव लावतो. गर्दी वाढली. रुपराव रोज दाढी करू लागले. कोणाच्या घरी कारली चालत नाहीत, कोणाची सून बाळंतपणाला आली आहे, सगळं त्यांना ठाऊक. बोलताना मध्येच थांबत, दोन श्वास घेत, पुढं बोलत. लोकांना वाट पाहायची सवय झाली. मला तर वाटे की नागपुरातल्या त्या एका कोपऱ्यावर माणसं जरा हळू बोलायला शिकली होती.

मग शोभाताईंचं प्रकरण झालं. शोभाताई म्हणजे क्वार्टरमधल्या एका कारकुनाच्या पत्नी, आमचं रोजचं गिऱ्हाईक. एकदा रुपरावांना खोकल्याची मोठी उबळ आली, तोंड निळसर पडलं. शोभाताई तशाच रिकाम्या पिशवीनं परत गेल्या आणि घराघरांत सांगू लागल्या की त्या माणसाला टीबी आहे. दोन दिवसांत कोपरा ओस पडला. वांगी सुरकुतली, पालक पिवळा पडला. मग त्या स्वतःच आल्या, चारपाच बायका बरोबर घेऊन. भांडायला नाही, समजावायला. म्हणाल्या की भाजी तुझ्याकडूनच घेऊ, पण यांना मागं बसव, भाजीला हात लावू देऊ नको.

रुपरावांनी पारड्यातला हात हळूच काढून घेतला. ते तुळसाबाईनं पाहिलं.

रुपरावांच्या शेजारी त्यांचा अर्धा उष्टा पाण्याचा गिलास होता. तो तिनं उचलला आणि सगळ्यांसमोर शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

"याहीले टीबी नाही, बाई. डॉक्टरनं सांगतलं. मी रोज याच गिलासानं पिते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "राहिली हात लावाची गोष्ट. आमच्या हातचं पाणी लोकाईनं सांडून दिलेलं मी लहानपणी पाह्यलं. ते सारं मागं टाकून आमी छप्पन साली दीक्षा घेऊन बाहेर पडलो. आता कोणाच्या म्हणण्यानं माह्या मालकाचा हात मी मागं नाही घेऊ देनार. भाजी घ्याची तर याहीच्याच हातून घ्या. नाही तर सडू द्या."

असं म्हणून तिनं रुपरावांचा हात धरून परत पारड्यावर ठेवला.

बायका गेल्या. त्या दिवशी काहीच विकलं गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तुळसाबाई मात्र त्याच जागी, त्याच वेळी मला उभं करत राहिली. आठवड्याच्या शेवटी शोभाताई आल्या. माफी वगैरे मागितली नाही. सरळ रुपरावांसमोर पिशवी उघडून धरली आणि अर्धा किलो भेदरं मागितली. त्यानंतर बाकीच्याही आल्या.

तुळसाबाई लोखंडाची होती असं समजू नका. एकदा दुपारी तिला दिसलं की रुपराव एका रिक्षावाल्याकडून बिडी मागून घेत आहेत. तिनं माझा दांडा सोडला आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत, आमच्याकडे पाठ करून, जाऊन बसली. गिऱ्हाइकं आली, गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा परत आली. रुपरावांच्या हातात ती बिडी तशीच, न पेटवलेली.

"मले बी दम लागते," ती म्हणाली. "चढावर तुमाले घेऊन येते तवा माह्या छातीत बी कळ येते. मले कोणी विचारत नाही. तुमी तरी विचारा."

त्या दिवसापासून चढ आला की रुपराव म्हणू लागले, "थांब वं तुळसे, जरा बस." ती माझ्या कडेला टेकून बसे आणि दोघं मिळून खालच्या गाड्या पाहत. बिडी मात्र पुरती सुटली नाही. खोटं कशाला सांगू, कधीमधी तो वास मला येत राहिला.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात उन्हाची लू अशी चालली होती की निंबाचा पालाही करपला. भरदुपारी रुपरावांचा श्वास अडला. मान ताणली गेली, ओठ काळेनिळे झाले, शब्द फुटेना. तुळसाबाईनं रिक्षाची वाट पाहिली नाही. भाजीसकट मला वळवलं आणि धावत सुटली. एवढ्या जोरात मी कधी पळालो नव्हतो. मागं वांगी, काकड्या, लिंबं रस्त्यावर सांडत होती. "बाजूले व्हा, बाजूले व्हा," एवढंच ती ओरडत होती. पुढं दोन रिक्षावाले घंटा वाजवत वाट मोकळी करू लागले. दवाखान्याच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. कुठं गळून पडली, तिलाही कळलं नव्हतं.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. रुपराव वाचले. काही दिवसांनी त्यांना घरी सोडताना डॉक्टर तुळसाबाईसोबत बाहेर पडवीपर्यंत आले. मी तिथंच उभा होतो, म्हणून मला ते बोलणं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले की फुप्फुसांत आता फार थोडं उरलं आहे, यांना यापुढं खाटेवरच ठेवा.

तिनं विचारलं, "खाटेवर ठेवलं तर बरे होतीन?"

"बरे नाही होणार, बाई."

"जास्त दिवस काढतीन?"

"तेही मी खात्रीनं नाही सांगू शकत."

"मंग मी त्याहीले बाजारातच नेईन. खाटेवर ते आधीच मरून राहिले होते, डॉक्टरसाहेब. मी पाह्यलं आहे."

डॉक्टर भला माणूस होता. रागावला नाही. माझ्याकडे आला, पेटी-उशीची ती बैठक त्यानं हातानं दाबून पाहिली. मग म्हणाला की उन्हाळ्यात दुपारी नेऊ नका, थंडीत ऊन पडल्याशिवाय निघू नका, तोंडावर ओलं फडकं धरा आणि ओठ मुडपून, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायला यांना शिकवा. तुळसाबाईनं सगळं ऐकलं आणि सगळं पाळलं.

ही बातमी ऐकून रुपरावांचे मोठे भाऊ, दादाजी, गावाहून आले. आजारी माणसाला गाडीवर बसवून गावभर तमाशा चालवला आहे, असं त्यांचं म्हणणं. गावी नेतो, शेतावरच्या घरात निवांत पडून राहील, म्हणाले. तुळसाबाईला बोलले ते मी सांगत नाही. उत्तर रुपरावांनी द्यायचं होतं. ती नवऱ्याकडे पाहत होती.

रुपरावांना एवढं लांब बोलताना मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. "दादा... गावात तू मले... खाट देशीन. पंखा बी... देशीन." त्यांनी श्वास घेतला. "इथं माह्यासाठी... लोकं पिशवी घेऊन... उभे राहतात. मी नाही... येत."

दादाजी संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ हंगाम पाहिले. संत्र्याच्या दिवसांत माझ्यावर डोंगर लागे आणि रुपराव त्यात बसलेले असत, वासानं खूश. श्वास कमी कमी होत गेला. पुढं ते फक्त बसत आणि बोटानं खूण करत. गिऱ्हाइकांना खुणाही समजत.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत, कोवळ्या उन्हात, एक म्हातारी सांभार घ्यायला आली होती. रुपराव तुळसाबाईला म्हणाले, "थोडा... जास्त दे." आणि उशीवर डोकं टेकलं. तिला वाटलं डोळा लागला. म्हातारी गेल्यावर तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. ती ओरडली नाही. अंगावरची शाल काढून त्यांच्यावर पांघरली. क्वार्टरमधले पुरुष धावत आले, गाडी आम्ही नेतो म्हणाले. तिनं दांडा कोणाच्या हातात दिला नाही. शोभाताई मात्र शेजारून चालत राहिल्या, घरापर्यंत.

मातीला आलेल्यांत कुजबुज झालीच. दादाजींनी तर तोंडावरच म्हटलं की बाजारानं माझा भाऊ खाल्ला.

तुळसाबाईनं डोळे पुसले आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "भुशानं खाल्ला, भाऊजी. बिडीनं खाल्ला. बाजारानं तर इतके वर्स जगवला."



आता शहाऐंशी साल चालू आहे. तुळसाबाईचे गुडघे गेले. जयानं तिला आपल्याकडे बोलावलं आहे, आणि भाजी विकायचं तिनं थांबवलं. मी अंगणात उभा होतो. माझ्या फळ्या अजून धड आहेत. एका चाकाचा रबर तेवढा गेला होता. मला विकावं असं कोणी सुचवलं तर ती ऐकून घेई आणि उठून आत जाई.

गेल्या आठवड्यात कन्हानहून इंदूबाई आली. ती टोपलीत बांगड्या घेऊन गावोगाव फिरते. तिचे मालक वामनराव कोळशाच्या खाणीत होते. आता कोळशाच्या धुळीनं छाती भरली आहे, दाराबाहेर पडत नाहीत, कोणाला तोंड दाखवत नाहीत. कोणाकडून तरी तिनं आमची गोष्ट ऐकली होती. विचारायला आली होती की ताई, तुमी कसं निभावलं. तुळसाबाईनं सांगत बसण्याऐवजी गिरिधर मिस्त्रीला निरोप धाडला, माझं चाक दुरुस्त करून घेतलं आणि मला ट्रकवर चढवून इंदूबाईबरोबर स्वतः कन्हानला आली.

वामनराव दार लावून बसले होते. तुळसाबाई दार लोटून आत गेली. मी बाहेरून ऐकत होतो. "भाऊ," ती म्हणाली, "श्वास घरात बसून शिल्लक पडत नाही. तो सरतेच. चार माणसांत सरू द्या." आत खाट करकरली. मग दार उघडलं. काठी टेकत, दर पावलाला थांबत एक उंच माणूस आला आणि माझ्या कडेवर हात ठेवून उभा राहिला. मी हललो नाही.

इंदूबाईनं माझ्यावर बांगड्या मांडल्या. मग तुळसाबाईला म्हणाली, "ताई, हात पुढं करा." नवरा गेला त्या दिवशी बायांनी तुळसाबाईच्या बांगड्या उतरवल्या होत्या, तेव्हापासून हात मोकळेच. आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तुळसाबाईनं त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि हात पुढं केला.

"हिरव्या नको वं," ती म्हणाली. "निळ्या भर."

वाचकहो, आता मी कन्हानचा झालो. उद्यापासून बाजारात उभा राहीन, एका हाताला बांगड्या, दुसऱ्या हाताला वामनराव. आम्ही रस्त्यात दिसलो तर हळहळू नका आणि 'बिचारा' म्हणू नका. जरा बाजूला होऊन वाट द्या. चढ असला तर मागून एक हात लावा. आणि वामनराव बोलता बोलता थांबले, तर त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा. ते स्वतः पुरं करतील.